विश्लेषण : एकच हिशेब पुन्हा पुन्हा… सॉफ्टवेअर संथ का होते?

पावणे एमआयडीसीत संध्याकाळी दिसणारे एक दृश्य नेहमीचेच आहे. माल भरलेला ट्रक कारखान्याच्या फाटकाशी उभा असतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावरची कोंडी वाढण्याआधी चालकाला निघायचे असते. आत डिस्पॅचच्या टेबलावरचा कर्मचारी संगणकाच्या पडद्यावर फिरणारे चक्र पाहत बसलेला असतो. शिल्लक साठ्याचा तक्ता उघडल्याशिवाय बिल बनत नाही. वार्षिक उलाढाल पाच कोटींच्या वर असलेल्या उद्योगांना दुसऱ्या व्यावसायिकाला माल विकताना १ ऑगस्ट २०२३ पासून ई-इन्व्हॉइस बंधनकारक आहे. त्यानंतर ई-वे बिल, आणि मगच ट्रक हलतो. या साखळीत सॉफ्टवेअरने घेतलेले प्रत्येक मिनिट फाटकाबाहेर मोजले जाते.

अशा वेळी दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. ‘सर्व्हर स्लो आहे’ आणि ‘मोठा सर्व्हर घ्यावा लागेल’. दर वेळी दोष यंत्राचा असतोच असे नाही. अनेकदा सॉफ्टवेअर एकच हिशेब तीन-चार वेळा, कधी शेकडो वेळा करत असते आणि ते कोणाच्या लक्षात येत नाही. या दोषाचे मूळ ‘लेझी इव्हॅल्युएशन’ या एका चांगल्या कल्पनेच्या अर्धवट वापरात आहे.

लेझी इव्हॅल्युएशन म्हणजे काय?

शब्दशः अर्थ ‘आळशी मूल्यमापन’. एखाद्या गोष्टीचे उत्तर खरोखर लागेपर्यंत तिचा हिशेब करायचाच नाही, अशी ही पद्धत. प्रोग्राममध्ये ‘शिल्लक दहा नगांपेक्षा कमी असलेला माल’ अशी ओळ लिहिली, तर लगेच गोदामातील सगळ्या मालाची यादी तपासली जात नाही. यादी कशी काढायची याची कृती तेवढी लिहून ठेवली जाते. कोणी यादी मागितली, तरच ती काढली जाते.

वडापावच्या गाडीवर वडे गिऱ्हाईक आल्यावर तळतात, तसेच हे. आधीच शंभर वडे तळून ठेवले आणि पाऊस आला, तर तेल, बेसन आणि मेहनत वाया जाते. काम पुढे ढकलण्यात इथे शहाणपण आहे. दहा लाख नोंदींपैकी पहिल्या वीसच पडद्यावर दाखवायच्या असतील, तर उरलेल्यांना हात लावण्याचे कारण नसते. पर्ल या संगणकीय भाषेचे जनक लॅरी वॉल यांनी आळस हा प्रोग्रामरच्या तीन प्रमुख गुणांपैकी एक मानला, तो उगाच नव्हे.

मग बिघडते कुठे?

वडा मागणीनुसार तळावा, पण त्याबरोबरची चटणी एकदाच वाटायची असते. प्रत्येक गिऱ्हाइकासाठी नव्याने खोबरे-लसूण घेऊन कोणी वाटायला बसत नाही. सॉफ्टवेअरमध्ये मात्र नेमके हेच घडते.

साठ्याच्या त्या तक्त्याचेच उदाहरण घेऊ. प्रोग्रामर ‘आज पाठवायचा माल’ ही यादी तयार करतो. वरच्या ओळीत किती वस्तू आहेत ते दाखवायचे म्हणून तो यादी मोजतो. दुसऱ्या ओळीत एकूण वजन हवे म्हणून बेरीज करतो. यादी रिकामी आहे का, हेही एकदा तपासतो. शेवटी सगळ्या वस्तू पडद्यावर उतरवतो. वाचताना वाटते, यादी एकच आहे आणि ती चार ठिकाणी वापरली आहे. प्रत्यक्षात ती यादी नसून यादीची कृती आहे. तिला चार वेळा हात लावला की यादी काढण्याचे काम चार वेळा सुरू होते. रिकामी आहे का हे तपासताना पहिली वस्तू सापडली की काम थांबते. उरलेल्या तीन वेळी मात्र ते पूर्ण होते. एका वेळेला आठ सेकंद लागत असतील, तर तीन वेळचे चोवीस होतात.

याच दोषाचा दुसरा प्रकार डेटाबेसशी बोलताना दिसतो. ऑर्डरींची यादी आणली. प्रत्येक ऑर्डरीच्या ग्राहकाचे नाव मात्र ‘लागेल तेव्हा’ आणायचे ठरले. पडद्यावर चारशे ऑर्डरी दाखवायच्या असतील, तर यादीसाठी एक फेरी आणि नावांसाठी चारशे, अशा एकूण ४०१ फेऱ्या होतात. वाण्याकडे यादी घेऊन एकदाच जाण्याऐवजी साखरेसाठी एक, मिठासाठी एक, हळदीसाठी एक अशा खेपा घालण्यासारखे हे आहे. एका फेरीला पाच मिलिसेकंद लागली तरी दोन सेकंद नुसते ये-जा करण्यात जातात. तो ग्राहक दहा ऑर्डरींत एकच असला, तरी अनेकदा त्याच नावासाठी पुन्हा विचारणा होते. प्रोग्रामरच्या भाषेत याला ‘एन अधिक एक’ अडचण म्हणतात. दोन्ही याद्या एकाच फेरीत किंवा दोन फेऱ्यांत आणण्याची सोय बहुतेक साधनांत असते, पण ती मागून घ्यावी लागते.

दोष किती वाढू शकतो?

तीनपट-चारपट हा सौम्य प्रकार झाला. आजची आरंभीची शिल्लक म्हणजे कालची अखेरची शिल्लक, हे कोणत्याही मुनीमजींना ठाऊक असते. म्हणून जुन्या रोजकीर्दीत प्रत्येक पानाच्या शेवटी बेरीज करून ती पुढच्या पानावर ओढली जाई. एकदा ओढलेली शिल्लक पुन्हा मोजायची नसे.

आता कोणी असा प्रोग्राम लिहिला की आजच्या हिशेबासाठी कालची शिल्लक दोनदा मागितली जाते, एकदा नग मोजायला आणि एकदा किंमत लावायला. कालचा हिशेबही परवाची शिल्लक दोनदा मागतो. कुठेच काही लिहून ठेवलेले नाही. दहा दिवस मागे गेल्यावर सर्वांत आधीच्या दिवसाचा हिशेब १,०२४ वेळा होतो. वीस दिवस मागे गेल्यावर तो १०,४८,५७६ वेळा होतो. दर दिवसाची शिल्लक एकदा लिहून ठेवली असती, तर वीस बेरजांत काम भागले असते. इथे वेगवान यंत्र आणून फरक पडत नाही. दुप्पट वेगाचा सर्व्हर घेतला, तर त्याच वेळात फक्त एक दिवस अधिक मागे जाता येते.

मूळ कल्पनेतच ही खोट होती का?

नाही, आणि म्हणूनच हा विषय समजून घेण्यासारखा आहे. अल्गोल ६० या जुन्या भाषेत दिलेली पदावली ज्या ज्या ठिकाणी वापरली जाई, त्या त्या ठिकाणी ती नव्याने सोडवली जाई. त्यातला तोटा संशोधकांच्या लक्षात आला. ख्रिस्तोफर वॉड्सवर्थ यांनी १९७१ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रबंधात एकच पदावली सर्व ठिकाणांनी वाटून घेण्याची पद्धत मांडली. ती एका जागी सुटली की सर्वांना उत्तर मिळते. १९७६ मध्ये पीटर हेंडरसन व जेम्स मॉरिस, तसेच डॅनियल फ्रीडमन व डेव्हिड वाइज यांच्या स्वतंत्र लेखांतून लेझी इव्हॅल्युएशनची कल्पना पक्की झाली. त्याआधी १९६८ मध्ये डोनाल्ड मिशी यांनी काढलेले उत्तर लक्षात ठेवणाऱ्या ‘मेमो फंक्शन’ची कल्पना मांडली होती.

म्हणजे खऱ्या लेझी इव्हॅल्युएशनचे नियम दोन आहेत. काम लागेपर्यंत करू नये, आणि केल्यावर उत्तर लिहून ठेवावे. १९९० मध्ये आलेल्या हॅस्केल भाषेत नाव दिलेल्या मूल्याला हे दोन्ही नियम लागू असतात. पहिल्यांदा मूल्य निघाले की कृतीच्या जागी उत्तर येऊन बसते.

पुढे व्यवसायात वापरल्या जाणाऱ्या भाषांनी ही सोय आपलीशी केली. त्यांतल्या अनेकांनी पहिला नियम घेतला आणि दुसरा प्रोग्रामरवर सोडला. मेमरी वाचवणे हे त्यामागचे रास्त कारण होते. पण जबाबदारी कोणावर आहे, हे ओळीकडे पाहून कळत नाही. आजचा घोळ तिथून सुरू होतो.

कोणती भाषा काय करते?

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटमध्ये २००७ साली ‘लिंक’ ही सोय आली. तिच्यात पुढे ढकललेली यादी दुसऱ्यांदा वापरली, तर सगळे काम गुपचूप पुन्हा होते. जावात २०१४ पासून ‘स्ट्रीम’ आहेत. तिथे तोच प्रवाह दुसऱ्यांदा वापरू पाहिला, तर प्रोग्राम चूक दाखवून थांबतो. पायथनमधला जनरेटर दुसऱ्यांदा वापरला, तर तो रिकामा निघतो आणि तक्रारही करत नाही. बेरीज बरोबर येते, पण त्याखालची यादी कोरी राहते.

या तिघांत जावाचे वागणे सर्वांत प्रामाणिक म्हणावे लागेल. थांबलेला प्रोग्राम त्याच दिवशी दुरुस्त होतो. गुपचूप दुप्पट काम करणारा प्रोग्राम मात्र वर्षानुवर्षे तसाच चालतो, कारण उत्तर बरोबर येत असते. दहा नोंदींवर चाचणी घेताना उशीर जाणवतच नाही. तो पहिल्यांदा जाणवतो तो मार्चअखेरीस, कारखान्यात, खऱ्या नोंदींवर.

लिहून ठेवल्याने खरोखर किती फरक पडतो?

मोठ्या प्रमाणावरील माहिती हाताळणारी ‘स्पार्क’ ही प्रणाली याचे मोजलेले उदाहरण आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथे २००९ मध्ये तिचे काम सुरू झाले. स्पार्कही काम पुढे ढकलते, आणि एखादा टप्पा साठवून ठेव असे सांगितले नाही, तर तो दर वेळी मुळापासून करते. तिच्या निर्मात्यांनी २०१० मध्ये २९ गिगाबाइट माहितीवरील एका चाचणीचे आकडे प्रसिद्ध केले. त्याच माहितीवर पुन्हा पुन्हा फिरणारी ती गणना होती. प्रत्येक फेरीत माहिती नव्याने वाचणाऱ्या हडूप प्रणालीला फेरीमागे १२७ सेकंद लागत. स्पार्कला पहिल्या फेरीला १७४ सेकंद लागले, म्हणजे उलट अधिकच. पण माहिती मेमरीत साठवल्याने पुढची प्रत्येक फेरी सहा सेकंदांत झाली. दहा फेऱ्यांचा हिशेब केला तर १,२७० सेकंदांऐवजी २२८.

दुसरे उदाहरण गेमिंगचे. ‘जीटीए ऑनलाइन’ हा लोकप्रिय खेळ सुरू व्हायला काही संगणकांवर सहा-सहा मिनिटे लागत. २०२१ मध्ये एका प्रोग्रामरने बाहेरूनच तपास करून कारण शोधले. सुमारे ६३ हजार वस्तूंची दहा मेगाबाइटची यादी वाचताना प्रत्येक तुकड्यासाठी उरलेल्या संपूर्ण मजकुराची लांबी नव्याने मोजली जात होती. हे तांत्रिक अर्थाने लेझी इव्हॅल्युएशन नव्हे, पण रोग तोच. एकदा काढलेले उत्तर जवळ न ठेवणे. ते आणि अशीच आणखी एक अनावश्यक तपासणी टाळल्यावर वेळ दोन मिनिटांच्या आत आला. रॉकस्टार कंपनीने दुरुस्ती स्वीकारली आणि त्या प्रोग्रामरला दहा हजार डॉलर बक्षीस दिले. खेळाडूंच्या संगणकात कोणताही नवा भाग बसवावा लागला नाही.

केवळ वेळच जातो का?

वेळ जाणे हा त्यातला कमी धोका आहे. हिशेब पुन्हा होताना मधल्या काळात माहिती बदलली असेल, तर दोन उत्तरे जुळत नाहीत. वरच्या ओळीत ‘४१२ वस्तू’ असे छापले जाते. खाली यादी उतरेपर्यंत दुसऱ्या टेबलावर एक नोंद झालेली असते आणि यादीत ४१३ वस्तू येतात. बिलाची बेरीज आणि बिलाच्या ओळी यांचा मेळ बसला नाही, की ऑडिटच्या वेळी कोणाला तरी उत्तर द्यावे लागते. ते बहुधा प्रोग्रामर देत नाही. टेबलावरचा कारकून देतो.

याहून फसवा प्रकारही आहे. कृतीत नव्या नोंदी तयार होत असतील, तर ती दुसऱ्यांदा चालल्यावर वेगळ्याच नोंदी हाती येतात. पहिल्या संचात केलेले बदल कुठेच दिसत नाहीत. अशी चूक शोधायला दिवस जातात, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबरच असते.

एक्सेल वापरणाऱ्यांचा याच्याशी काय संबंध?

बराच आहे. लघुउद्योगांतील पुष्कळसा हिशेब आजही एक्सेलमध्ये होतो. ‘व्ही-लुकअपने चूक दिली तर शून्य दाखव, नाहीतर व्ही-लुकअपचे उत्तर दाखव’ असे सूत्र अनेकांनी लिहिलेले असते. त्यात किंमत सापडते तेव्हा तोच शोध दोनदा होतो. वीस हजार ओळी असतील, तर चाळीस हजार शोध. एक्सेल २००७ मध्ये आलेल्या ‘इफ-एरर’ सूत्राने हे काम एका शोधात होते. नव्या आवृत्त्यांतील ‘लेट’ सूत्रात तर एखाद्या उत्तराला नाव देऊन ते हवे तितक्या वेळा वापरता येते.

याशिवाय ‘नाऊ’, ‘टुडे’, ‘ऑफसेट’, ‘इनडायरेक्ट’ ही सूत्रे अस्थिर मानली जातात. शीटमध्ये कुठेही बदल झाला, की ती आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली सगळी गणिते पुन्हा होतात. आजची तारीख प्रत्येक ओळीत मागण्याऐवजी एका चौकटीत ठेवून सर्व ओळींनी तिच्याकडे बोट दाखवले, तर फाइल लक्षणीय हलकी होते.

मग सगळेच साठवून ठेवावे का?

तसेही नाही. दहा लाख नोंदींची यादी एकदम मेमरीत भरली, तर कमी मेमरीचा संगणक त्या ओझ्यानेच बसेल. एकदाच वापरायची यादी साठवणे म्हणजे जागेचा अपव्यय. आणि साठवलेले उत्तर शिळे होते. सकाळी नऊची शिल्लक दुपारी तीनला दाखवली, तर गोदामात नसलेला माल विकला जाईल. साठवलेले उत्तर कधी फेकायचे, हे ठरवणे संगणकशास्त्रातील अवघड कामांपैकी एक मानले जाते.

पण वर सांगितलेल्या बहुतेक उदाहरणांत ही अडचण येतच नाही. एकच पान दाखवण्यापुरते उत्तर जवळ ठेवायचे आणि पान दाखवून झाले की सोडून द्यायचे. शिळेपणाचा प्रश्न काही क्षणांपुरता उरतो; उलट सगळे आकडे एकाच क्षणाचे असल्याने त्यांचा मेळ बसतो. डॉटनेटमध्ये ‘टू-लिस्ट’ ही एक पायरी, पायथनमध्ये ‘लिस्ट’, स्पार्कमध्ये ‘कॅश’. दुरुस्ती बहुधा एका ओळीची असते. अवघड असते ती जागा शोधणे.

‘अकाली सुधारणा करू नये’ असे सांगत प्रोग्रामर डोनाल्ड नुथ यांचा दाखला देतात. १९७४ च्या त्याच लेखात नुथ यांनी असेही म्हटले होते की, निर्णायक अशा तीन टक्के जागी ही संधी सोडू नये. दाखला देताना दुसरा भाग सोयीने गाळला जातो.

मोठा सर्व्हर घेऊन चालणार नाही का?

काही काळ चालेल, पण पैसे कोणाचे जातात ते पाहायला हवे. पूर्वी कारखान्यात स्वतःचा सर्व्हर असे. तो जादा राबला, तरी खर्च ठरलेला असे. आता मायक्रोसॉफ्टची पुणे व मुंबईतील केंद्रे २०१५ पासून, तर ॲमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ पासून भाड्याने सेवा देतात. भाडे वापरावर ठरते. काही डेटाबेस सेवा तर किती माहिती चाळली यावर पैसे आकारतात. तिथे एकच यादी चार वेळा चाळली, तर बिलही चौपट.

पावण्याच्या शेजारीच महापे, रबाळे, ऐरोली या पट्ट्यात डेटा सेंटरच्या मोठ्या इमारती उभ्या राहिल्या आहेत. देशातील डेटा सेंटर क्षमतेचा मोठा वाटा मुंबई-नवी मुंबई परिसरात आहे. तिथली यंत्रे चालवायला आणि थंड ठेवायला रात्रंदिवस वीज लागते. त्यातली काही वीज आधीच निघालेली उत्तरे पुन्हा काढण्यात जाते. ती वाचवण्यासाठी नवे तंत्रज्ञान लागत नाही.

काय करायला हवे?

सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांनी पहिली गोष्ट करावी ती मोजण्याची. एक पान उघडताना डेटाबेसकडे किती फेऱ्या होतात, हा आकडा प्रत्येक चमूला माहीत असला पाहिजे. जँगोसारख्या साधनात तो चाचणीतच ठरवून देता येतो. फेऱ्या वाढल्या की चाचणी नापास होते. डॉटनेटमध्ये दुबार वापराचा इशारा देणारा ‘सीए १८५१’ हा नियम उपलब्ध आहे. तो आपणहून चालू नसतो, चालू करावा लागतो. यादी देणाऱ्या प्रत्येक फंक्शनने आपण तयार यादी देतो की नुसती कृती, हे नावातून वा प्रकारातून सांगावे. आणि चाचणी दहा नोंदींवर न घेता ग्राहकाकडे असतील तेवढ्या नोंदींवर घ्यावी.

दुसरी जबाबदारी विकत घेणाऱ्यांची आहे. लघुउद्योजक सॉफ्टवेअर घेताना पडद्यांची संख्या आणि किंमत विचारतो. वर्षभराच्या नोंदी भरल्यावर साठ्याचा तक्ता किती सेकंदांत उघडेल, हे तो विचारत नाही. ही अट करारात आली पाहिजे. सरकारी खात्यांनी तर ती निविदेतच घालावी. सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरणाऱ्याला दुसऱ्या दुकानात जाण्याची सोय नसते. जुना मोबाइल आणि क्षीण सिग्नल घेऊन तो तिथेच ताटकळतो.

संथ सॉफ्टवेअरची सवय होते, हीच मोठी अडचण आहे. पडद्यावरचे चक्र फिरायला लागले की माणूस चहाला उठतो, आणि तो उशीर हळूहळू कामाचा भाग मानला जातो. पावण्यातल्या त्या फाटकापाशी मात्र ट्रकचे भाडे, चालकाचा वेळ आणि पलीकडच्या ग्राहकाला दिलेला शब्द एकाच वेळी अडकलेले असतात. मोठ्या सर्व्हरच्या मागणीवर सही करण्याआधी मालकाने एकच प्रश्न विचारून पाहावा : हा तक्ता उघडताना हिशेब नेमका किती वेळा होतो? उत्तर ‘एकदा’ असे आले नाही, तर सहीची घाई करू नये.